चिंतूदादाचा प्रयोग

शरयू आगटेने ऑनर्सला मानसशास्त्र घेतलं ते तिचा भाऊ बरा व्हावा म्हणून. हे मला टर्म सुरू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर माझी समजूत अशी, की तिलाही माझ्यासारखंच अर्थशास्त्रातल्या आकड्यांपासून पळायचं होतं. मी पळालेच होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कॉलेज सांगलीचं, आमचं घरही तिथेच, वडील वकील, आणि मुलगी बी. ए. झाली की स्थळं जरा वरची येतात एवढंच त्यांचं शिक्षणाविषयी मत. विषय कुठला घेतलास हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

सन सेहेचाळीस. वर्गात चार मुलगे आणि आम्ही दोघी. प्रयोगाच्या तासाला जोड्या लागत, तेव्हा शरयू आणि मी आपोआपच एकमेकींच्या वाट्याला आलो. एकीने प्रयोग करायचा आणि दुसरीवर तो व्हायचा. जिच्यावर व्हायचा तिला सब्जेक्ट म्हणत. प्रयोग कशासाठी आहे हे सब्जेक्टला सांगायचं नाही, असा कडक नियम, कारण कळलं की माणूस मुद्दाम तसं वागतो. मग डोळे बांधून तिच्या दंडावर कंपासाची टोकं टेकवायची आणि विचारायचं, एक की दोन? हातावर शिशाच्या डब्या ठेवायच्या, जड कुठली? काहीच अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी ती किती विसरली ते बघायचं. मला हा सगळा पोरखेळ वाटे, आणि म्हणूनच आवडे. शरयूला मात्र सारखी घाई. "हे झालं की पुढे काय आहे, सर?" असं ती प्रोफेसर तांबवेकरांना विचारी. पुढे रंगीत चकती फिरवणं होतं.

एकदा तिने भर वर्गात विचारलं, "सर, माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, ते थांबवायचे कसे?"

मुलगे हसले. तांबवेकर हसले नाहीत. भला माणूस, विलायतेला जाऊन आलेला, तरी कोटाच्या खिशात सुपारीची डबी. ते म्हणाले, "मिस आगटे, आपलं शास्त्र निरोगी माणसाच्या मनाचं. तुम्ही म्हणता ते प्रकरण अगदी शेवटी आहे, नाताळनंतर. आणि त्यातही थांबवण्याचं काही नाही. ते डॉक्टरांचं काम."

त्या संध्याकाळी हॉस्टेलच्या मागच्या पायरीवर बसून शरयूने मला सगळी हकीकत सांगितली.

चिंतामण तिच्याहून मोठा, साताऱ्याच्या कोर्टात कारकून. वडील गेल्यावर घर त्याच्यावरच. शरूला मॅट्रिकवर थांबवायचं नाही, हा हट्ट त्यानेच धरलेला. एक दिवस कोर्टातून आला आणि म्हणाला, दप्तराच्या खोलीतल्या भिंती माझं नाव घेऊन बोलतात. मग नोकरी सुटली. मग तो रात्रीचा घराबाहेर पडू लागला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला कुठेतरी बसून राही आणि उजाडता परत येई, धोतराला कुसळं लागलेली.

आता हे दिवस बेचाळीसनंतरचे. साताऱ्यात तरुण मुलगा रात्री घरी नसला तर लोक विचारत नसत, नुसती मान डोलवत. चिंतामण भूमिगतांना भाकरी पोचवतो, असं पेठेने आपलं आपणच ठरवून टाकलं. शरयूच्या आईने, म्हणजे काकूंनी, त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एकदा पोलीस दारात आले तेव्हा काकूंच्या अंगावर मूठभर मांसच चढलं असेल. फौजदाराने चिंतूदादाशी दोन वाक्यं बोलून कपाळाला हात लावला आणि तो आल्या पावली परत गेला. पण पेठेने पाहिलं ते त्याचं येणं. काही वर्षं अशी इभ्रतीत निघाली. मग वॉरंटं उठली. खरे भूमिगत गळ्यात हार घालून पेठेतून मिरवत गेले, आणि कुणीतरी विचारलं, आमचा चिंतामण कुठल्या गटात होता हो? कुणालाच ठाऊक नव्हतं. चिंतामण तेव्हा शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावून उभा होता.

"पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळाचं नाव काढलं की आई जेवण टाकते," शरयू म्हणाली. "मला वाटलं, मनाचं शास्त्र म्हणतात, तर त्यात मनाचं काहीतरी असेलच की गं."

मी म्हटलं, आपण ते शेवटचं प्रकरण आधीच वाचून काढू. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो तर पुस्तक तांबवेकरांच्या घरी होतं.

दिवाळीला ती साताऱ्याला गेली आणि परत आली ती ओठ आवळूनच. काय झालं ते तिने माझ्या दंडावर कंपास टेकवता टेकवता सांगितलं. पहिल्या सुट्टीत तिने घरी गंमत म्हणून सब्जेक्टचा नियम सांगितला होता, तो काकूंनी बरोबर लक्षात ठेवला. समोरचे आप्पासो मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, पेठेतले मोठे मानाचे गृहस्थ. त्यांनी एक दिवस दारात उभं राहून स्पष्टच विचारलं, "वहिनी, चिंतामणचं काय बिनसलंय?" काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या शरूचा कॉलेजात मनाचा अभ्यास असतो ना, त्याचा प्रयोग चाललाय त्याच्यावर. त्याला काही विचारू नका हो. सब्जेक्टला सांगायचं नसतं, नाहीतर सगळं फुकट जातं."

पेठेने हे असं उचललं की विचारू नका. वेडा माणूस शेजारी असणं कुणालाच नको होतं, प्रयोग मात्र सगळ्यांना हवा होता. चिंतूदादा भिंतीशी बोलत उभा राहिला की बायका पोरांना ओढून घरात नेत आणि दार अलगद लोटून घेत, की मध्ये आवाज नको. आप्पासो मास्तर तर चपला हातात घेऊन त्याच्या बाजूने जात. आमच्या पेठेतली मुलगी केवढा शोध लावतेय, असं बोललं जाऊ लागलं.

"आणि तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणू? आधी पोरं त्याच्यावर शेण मारायची. आता वाट देतात." मग तिने कंपास उचलला. "एक की दोन?"

मला एकही टोक कळलं नव्हतं.

नाताळात मी तिच्याबरोबर साताऱ्याला गेले. सातारा रोड स्टेशनावर उतरून मोटारीने गावात पोचलो. चिंतूदादा ओट्यावरच होता. वेडा माणूस म्हणून मी मनात जे काही रंगवलं होतं त्यातलं त्याच्यात काही नव्हतं. बारीक, दाढी वाढलेली, डोळे फार दमलेले. मला बघून तो उठून उभा राहिला, "या, प्रवासाचा त्रास झाला असेल," म्हणाला, आणि बोलता बोलता मध्येच थांबून डावीकडे मान कलती करून ऐकू लागला. तिथे कुणी नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर अशी लाज आली, की मीच दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू शरयूला म्हणाल्या, "जरा वही घेऊन त्याच्याजवळ बाहेर बैस गं. लोक म्हणतात, बहीण आली तरी काही लिहीत नाही."

"आई, पुरे झालं आता हे."

"मग काय सांगू त्यांना? तूच सांग, काय सांगू?" काकूंच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. "हे आहे म्हणून लोक दारात येतात. माझ्याशी बोलतात. तू तिकडे सांगलीला असतेस, मला इथे राहायचंय."

शरयू वही घेऊन बाहेर गेली. मी उंबऱ्यात बसले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. समोर आप्पासो मास्तर आपल्या ओट्यावर येऊन बसले, हात जोडून, कीर्तनाला बसावं तसे. शरयू कागदावर आमची ती निरर्थक अक्षरं लिहीत होती, एकाखाली एक. चिंतूदादा तिच्याकडे बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "शरू, हे खरं आहे का गं? लोक बोलतात ते मला ऐकू येतं. हे सगळं तूच लावलंयस? तुझ्या प्रयोगासाठी?"

शरयूचा हात थांबला.

"मी रागावणार नाही," तो म्हणाला. "उलट बरंच झालं. म्हणजे ते आवाज कुणीतरी लावलेत, आपल्यातल्याच कुणी. मग ते बंदही करता येतील. मला वाटत होतं, हे असंच राहणार."

इतक्या आशेने मी कुणाला काही विचारताना ऐकलेलं नाही. शरयूने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? मग ती म्हणाली, "हो दादा. प्रयोगच आहे."

"कधी संपेल?"

"मार्चमध्ये, माझी परीक्षा झाली की. शेवटचा भाग राहिलाय."

"लवकर नाही का संपणार?"

"शेवटचा भाग झाला की संपेल," ती म्हणाली.

तो पाठ टेकून बसला. त्या दिवशी तो दोन्ही वेळा पोटभर जेवला, आणि काकूंनी रात्री मला दोनदा सांगितलं, की बघ, बहीण आली की कसा सुधारतो.

नाताळनंतर ते प्रकरण आलं. दोन तासांत संपलं. आजारांची नावं, त्यांचे प्रकार, प्रकारांचे पोटप्रकार, कुठल्या जर्मन पंडिताने कुठलं नाव दिलं ते. शरयू सगळं लिहून घेत होती. एका ठिकाणी तिला चिंतूदादा सापडला, अगदी जसाच्या तसा, मान कलती करून ऐकण्यासकट. तिने त्या ओळीखाली रेघ मारली आणि पुढची ओळ वाचली. पुढच्या ओळीत दुसऱ्या प्रकाराचं नाव होतं. एवढ्यासाठी ती जूनपासून शिसं तोलत होती.

ती तासानंतर तांबवेकरांकडे गेली आणि पहिल्यांदाच भावाविषयी बोलली. त्यांनी सुपारीची डबी उघडली, तशीच मिटली. म्हणाले, "तुम्ही मला जूनमध्येच का नाही सांगितलंत? मी पुण्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना ओळखतो. खात्री कसलीच नाही. पण तिथे निदान चोवीस तास माणूस असतो लक्ष ठेवायला. उद्या न्या."

संक्रांतीला ती एकटी साताऱ्याला गेली, त्याला घेऊन पुण्याला जायचं असं ठरवून. तिसऱ्या दिवशी परत आली, एकटीच. काकू दार अडवून उभ्या राहिल्या होत्या म्हणे. "आता? मार्चवर आलं सगळं. परीक्षा होऊ दे, मग ने कुठे न्यायचं तिथे. म्हणू, प्रयोग झाला, दमलाय, हवापालटाला गेलाय. अर्ध्यावर नेलंस तर लोक काय समजायचं ते समजतील. आणि मग तुला कोण करून घेणार आहे?" शरयू खूप बोलली. शेवटी चिंतूदादाच मध्ये पडला. म्हणाला, "शरू, आई म्हणते ते बरोबर आहे. प्रयोग मध्येच सोडू नये."

"मार्चपर्यंत, अनसूया," शरयू मला म्हणाली. "मार्चपर्यंत फक्त." ती अभ्यासाला बसे आणि पुस्तकाचं पान उलटायचं विसरून जाई.

फेब्रुवारीत तार आली. मी वडिलांना न विचारता तिच्याबरोबर गाडीत बसले.

पोचलो तेव्हा शरयूच्या चुलतभावांनी सगळं उरकलेलं होतं. काकू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून होत्या. काय झालं ते आम्हाला सांगितलं धोंडुबाईने. ही भांडी घासायला येई, वडूजकडची, मेंढरं दुष्काळात गेल्यावर पोटासाठी साताऱ्याला आलेली. तिला रडू आवरत नव्हतं.

"सकाळच्या पारी तळ्यावर पान्याला गेल्ते, ताई. मानसं हुती चिकार. दादा आलं, कोट काडला, घडी घातली आन् मास्तरांच्या हातात दिला. म्हनलं, मास्तर, आज शेवटचा भाग हाय, आज संपनार. मास्तर म्हनलं, बरं झालं बाबा, लय दिस चाललं हुतं. दादा हासत हुतं. लय दिसांनी हासल्यालं बगितलं मी तेस्नी. मग पायऱ्या उतारलं, पान्यात गेलं. गळ्यापातूर गेलं, फुडं गेलं. कोन काय बोललं न्हाई. एक गडी उटला हुता, तर मास्तरांनी त्येला हातानंच खाली बसीवला. मलाबी वाटलं, ताईंचा अब्यास असंल, आपल्याला काय कळतंय."

"मग?" शरयूने विचारलं.

"मग दिसंनात. तरीबी समदी गप बसून वाट बगत हुती."

आप्पासो मास्तर संध्याकाळी आले. कोट त्यांच्या हातावर होता. सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. "ताई, मी कुणाला मध्ये पडू दिलं नाही," ते म्हणाले. "म्हटलं, तुमचं वर्ष फुकट जायला नको." शरयूने कोट घेतला आणि त्यांना बसायला पाट दिला. मी तिच्या जागी असते तर त्यांना घराबाहेर काढलं असतं. पण मग पेठेतल्या कुणाकुणाला काढणार होते? सगळेच पायऱ्यांवर होते, आणि सगळ्यांनी इतके महिने त्याला पोरांच्या शेणापासून जपलं होतं.

मला परत यावं लागलं. तेरावा झाल्यावर तांबवेकरांनीच मला पुन्हा धाडलं. "तिला घेऊन या. परीक्षेला बसली तर पहिला वर्ग आहे. म्हणावं, मी स्वतः येऊन विनवीन." गेले तर घर भेटायला येणाऱ्यांनी भरलेलं. मी ओट्यावर चपला काढत होते, तेव्हाच आतलं बोलणं कानावर पडलं. एक बाई म्हणत होती, "विद्येपायी गेला हो." दुसरी म्हणाली, "बहिणीच्या विद्येपायी." काकू हुंदके देत "हो हो" म्हणत होत्या. शरयू कोपऱ्यात बसून ते ऐकत होती, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. पेठेतली शोध लावणारी मुलगी आता भावाला खाऊन बसलेली झाली होती. वेडाचा शब्द मात्र कुणाच्या तोंडून निघाला नाही.

माणसं गेल्यावर काकूंनी आम्हा दोघींची पानं मांडली. मी तांबवेकरांचा निरोप सांगितला. काकूंच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला.

"परीक्षा?" त्या म्हणाल्या. "आता आणखी कुणावर करणार आहे?" मग त्या शरयूकडे वळल्या. त्यांचे डोळे कोरडे होते आणि त्यात कसलंही ढोंग नव्हतं. "तुला दुसरं कुणी मिळालं नाही का गं सब्जेक्ट म्हणून? घरचाच हवा होता? मी किती सांगत होते, त्याला सोसायचं नाही, पुरे कर. त्याला चांगल्या डॉक्टरकडे ने. ऐकलंस का तू माझं?"

"काकू," मी म्हटलं, "प्रयोग कधी नव्हताच. तुम्हीच तर—"

शरयूने पानावरून हात लांब करून माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दुसऱ्या दिवशी सांगलीला पोचले तरी तिथे लाल होतं.

"चुकलं माझं, आई," ती म्हणाली.

काकूंनी मान हलवली आणि तिच्या पानात भात वाढला. मला ते ताट भिंतीवर भिरकावून द्यावंसं वाटलं. शरयू खाली मान घालून जेवू लागली.